चूक कोणाची

डिचोलीच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली परशुरामच्या उजव्या हाताची बोटं गेली. बटण चुकून दाबलं होतं राजेशने, परशुरामची बायको रंजना हिच्या पाठच्या भावाने. पण राजेशला कंपनी लवकरच कायम करणार होती, म्हणून परशुरामने सगळ्यांना सांगितलं, "माझाच हात चुकला." रंजनालाही त्याने गप्प राहायची शपथ घातली.

मग कारखान्याचा मॅनेजर परशुरामच्या भाड्याच्या खोलीवर येऊन सांगून गेला, "चूक कामगाराची असली की भरपाई मिळत नाही." त्या दिवसापासून रंजनाची झोप उडाली.

मजूर खात्यात सुनावणी लागली. साहेबांनी विचारलं, "अपघात कामावर असतानाच झाला ना?"

"होय," मॅनेजर म्हणाला, "पण ह्याच्याच चुकीनं."

परशुराम मान खाली घालून बसला होता. शेजारी राजेश. रंजना उठली.

"साहेब, खोटं हाय ते! ह्यांची काय बी चूक न्हाई. बटण माझ्या भावानं दाबलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाये, बस खाली. तो प्यायलेला नव्हता, मुद्दाम काही केलं नाही, कामावर असताना लागलं. भरपाई मिळणारच. साधी चूक कुणाची झाली, ते मी विचारलंच नव्हतं."

रंजनाने वळून भावाकडे पाहिलं. राजेश मॅनेजरकडे बघत होता, आणि मॅनेजर त्याच्याकडे.