कॅमेरा सरळ झाला

"काका, गाडी पूर्ण खाली करा," जुई म्हणाली.

"आणखी किती खाली? जमिनीवरच तर आहे," अरविंद म्हणाले.

"खाली म्हणजे रिकामी हो." जुई हसली. ती भोपाळातच जन्मलेली, वाढलेली. तिच्या मराठीत हिंदी न विचारता येऊन बसायची. "मागे वजन असलं की गाडी मागून दबते. मग कॅमेरा आभाळाकडे बघतो."

अरविंदांनी छत्री काढली, मागच्या सीटवरची उशी काढली. डिकीतलं गव्हाचं पोतं दोघांनी मिळून उतरवलं.

"घरात किती माणसं, काका?"

"सध्या मीच. शरबती गहू आहे, करोंदच्या मंडीतून आणला. केतकीला, माझ्या मुलीला, याच्याच पोळ्या आवडतात. बंगलोरला असते."

"कधी येणारेत ताई?"

"येईल," अरविंद म्हणाले आणि पोत्याचं तोंड पुन्हा घट्ट बांधू लागले.

हबीबगंजच्या त्या वर्कशॉपमध्ये आदल्या दिवशी त्यांच्या गाडीची पुढची काच बदलली होती. डंपरमधून उडालेल्या खडीने जुनी तडकली होती. काचेला वरच्या बाजूला, आरशामागे, छोटा कॅमेरा असतो. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवतो आणि गाडी पट्ट्यावर जाऊ लागली की टुंग टुंग वाजतं. काच नवी बसली की त्याला सरळ बघायला पुन्हा शिकवावं लागतं. जुईने गाडीपुढे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा फलक उभा केला, टेपने अंतर मोजलं, लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडली.

"हे वाजलं की केतकीच्या फोनवरही कळतं," अरविंद म्हणाले. "तिनेच तसं करून घेतलंय. मग लगेच तिचा फोन. बाबा, डुलकी लागली का?"

"आणि लागलेली असते?"

"छे. पण ती रागावते छान." त्यांनी आरशामागच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "काच फुटल्यापासून सगळंच बंद आहे. आज सुरू होईल ना?"

जुईचं लक्ष लॅपटॉपवर होतं. "काका, एक सांगू? जुन्या काचेवर हा कॅमेरा तिरका बसलेला होता. लांबचा पट्टा त्याला जवळ दिसायचा. तुम्ही सरळच चालवत होता. गाडीच उगाच ओरडत होती."

"माहीत आहे मला."

"मग आधी का नाही दाखवली?"

अरविंद छत्रीची घडी नीट करत राहिले. मग हळूच म्हणाले, "पूर्वी होता तसाच ठेवता येईल का? थोडासा तिरका?"

"लोक माझ्याशी भांडतात, सरळ करून द्या म्हणून. तुम्ही पहिलेच." जुईने मान हलवली. "आणि उद्या खरंच गाडी पट्ट्यावर गेली आणि हा वाजलाच नाही तर? नाही काका. हे माझ्याच्याने नाही होणार."

तिने कॅमेरा सरळ केला.

मग रस्त्यावर नेऊन बघायचं होतं. अरविंद चालवायला बसले, जुई शेजारी, मांडीवर लॅपटॉप. नर्मदापुरम रस्त्याला पट्टे नुकतेच रंगवलेले होते. गाडी गुमान चालली होती. कुठे टुंग नाही, काही नाही.

"बघा, किती शांत," जुई म्हणाली.

अरविंदांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता. बंगलोरला जेवणाची सुट्टी झाली असेल. त्यांनी आरशात मागे पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि स्टिअरिंग जरासं डावीकडे घेतलं. चाक पट्ट्यावर गेलं.

टुंग टुंग.

"मुद्दाम घेतलीत ना, काका?"

"वाजतं का ते बघितलं."

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरमधून फोन वाजू लागला. अरविंदांनी बटण दाबलं आणि पाठ टेकून बसले.

"बाबा, झाला वाटतं कॅमेरा सुरू. आणि पहिल्याच दिवशी डुलकी?"

"जरा डोळा लागला गं."

"जेवलात?"

"नाही अजून. तू?"

"डबा उघडतेय. कारलं आहे. हसू नका. तुम्ही आधी गाडी बाजूला घ्या, तोंडावर पाणी मारा. उपाशीपोटी चालवायचं नाही, हे किती वेळा सांगायचं?"

"चुकलंच माझं," अरविंद म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

जुईला राहवेना. सरळ चालवणारा माणूस उगाच बोलणी खात होता. ती स्पीकरकडे झुकली. "ताई, मी वर्कशॉपमधून बोलतेय. काका अजिबात झोपले नव्हते, ही टेस्टिंग होती. आणि आधीही कधी झोपत नसणार. तो कॅमेराच तिरका होता."

पलीकडे डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे रोजचं ते सगळं उगाचच?"

"हो ताई. पण आता एकदम बरोबर केलाय. बिनधास्त राहा."

"थँक यू गं. रोज घास हातातच राहायचा माझा." केतकीने मोठा श्वास सोडला. "बाबा, सुटले मी. आता कसली काळजी नाही. ठेवते हं."

"ठेव," अरविंद म्हणाले. तोवर फोन बंद झाला होता.

"ताईंना किती बरं वाटलं," जुई म्हणाली.

"हो."

पुढे सिग्नलला गाडी थांबली. लाल गेला, हिरवा लागला. डावीकडची रिक्षा गेली, उजवीकडची बस गेली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी अरविंद फोनच्या बटणाकडेच बघत होते.

"काका, चला ना."

दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध गाडी उभी होती.