आपण वगळून

सालगे हांसदाच्या कानामागे सकाळीच मराठीची चिप टोचली होती आणि दुपारी ती अस्खलित बोलत होती. चाळीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून परप्रांतीयांना मराठी शिकवलेल्या लीलाताईंना कारखान्यात आता एवढंच काम उरलं होतं, टोचलेल्यांची परीक्षा घेण्याचं.

“मला तुझ्याबरोबर जेवायला बोलाव.”

“ताई, तुम्ही जेवा, आम्ही जेवू...” सालगे अडखळली. “दोघींना मिळून म्हणायला आमच्या संथाळीत शब्द आहे. मराठीत नाही?”

लीलाताईंचं डोकं फिरलं. तो शब्द त्या पहिल्याच दिवशी शिकवत. त्यांनी शेजारी बसलेल्या साहेबांना जाब विचारला.

“मुद्दाम वगळलाय,” साहेब म्हणाले. “तो आला की कामगार एकत्र जमतात. कामापुरतं आम्ही-तुम्ही बास झालं.”

“मेल्या, भाषा देतोस की जीभ छाटतोस?”

“नोकरी जाईल, ताई.”

“जाऊ दे.” त्यांनी सालगेचा हात धरला. “म्हण, आपण.”

“आम्ही.”

“आपण.”

टोचलेली जीभ पुन्हा पुन्हा ‘आम्ही’वरच घसरत होती. लीलाताई हटल्या नाहीत. विसाव्या खेपेला शब्द निघाला.

सालगेनं साहेबांकडे पाठ फिरवली आणि विचारलं, “ताई, आपण बाकीच्या मुलींना कधी शिकवायचं?”