श्रीवरची रेघ

२००७ साली निवृत्त इंजिनियर उल्हासकाका ओहायोतल्या एका संग्रहालयात, कुणा राष्ट्राध्यक्षांची शंभर वर्षांपूर्वीची सरकारी पत्रं नव्या फोल्डरांत लावत. काम फुकट, पण सवय पक्की: फोल्डर उघडला की कोपऱ्यात पेन्सिलीने 'श्री'.

दुसऱ्या दिवशी तो श्री खोडलेला असे. रेघ पत्रांवरच्या राष्ट्राध्यक्षसाहेबांच्या सहीसारख्याच जांभळट शाईची.

"काका, इथे शाई अलाउड नाही," इनचार्ज स्वानंदी कळवळून म्हणाली. "श्री लिहिणं बंद करा, नाहीतर तुमचं येणंच कॅन्सल होईल."

"शाई माझी नाही, साहेबांची. राष्ट्राध्यक्ष असतील त्यांच्या घरी! श्रीशिवाय मी कागदाला हात लावत नाही."

तिच्यादेखत काकांनी ठसठशीत श्री लिहिला आणि त्यावर बोट दाबून धरलं.

"हं, आता खोडा, साहेब."

कागदावर ओली रेघ उमटली, बोटावर चढली आणि सावकाश मनगटाकडे निघाली.

काकांनी बोट उचललं नाही.