जुन्या टोपड्याची नवी नाडी

"पणजीच्या टोपड्याची वीण जावेला शिकवू नकोस, स्वतःची म्हणून मिरवेल," आईनं बजावलं होतं. कृत्तिकानं ते हसण्यावारी नेलं.

आता जाऊबाई त्याच टोपड्याचा 'सुधारित' नमुना ऑनलाइन विकत होत्या. वीण आमच्या घरची आणि नाव हिचं! मांडीवरच्या लेकीला थोपटत कृत्तिका नुसती जळत होती. तिनं फोटो मोठा करून पाहिला. हनुवटीखालचं बटण काढून त्यांनी गळ्याभोवती लांब नाडी ओवली होती.

"वहिनी, ती नाडी काढा. बाळाला फास बसेल," तिनं फोनवर सांगितलं.

"जळतेस तू!"

तेही खोटं नव्हतं. मग तिनं त्या फोटोखालीच सगळ्यांसाठी लिहिलं, "हो, जळते मी. पण हे टोपडं घालून बाळ झोपवलं असेल, तर आधी जाऊन बघा."