नवा चष्मा

नवा चष्मा चढवताच आजींनी सुईत दोरा ओवला आणि नातीकडे बघून हसल्या. कंबोडियातल्या या खेड्यातल्या शाळेत मी डोळे तपासायला स्वयंसेवक म्हणून आले होते. नात दुभाषी होती.

तेवढ्यात शाळेबाहेर ट्रक थांबला. आजींनी चष्मा ओढून काढला आणि कमरेच्या वस्त्रात खुपसला.

"आजीच्या तरुणपणी जी राजवट होती, तिच्यात चष्मा दिसला की शिकलेला समजून ट्रकमध्ये घालायचे," नात हळूच म्हणाली. "मारायला न्यायचे. आजोबांनी चष्मा काढला नव्हता."

"आजी, ते दिवस गेले," मी म्हणाले. "आमचाच ट्रक आहे. औषधं आलीत."

नातीने ते सांगितलं. आजींनी ऐकलंच नाही. त्या पुढे झुकल्या, माझा उणे सातचा चष्मा काढला आणि मुठीत लपवला. मग काहीतरी कुजबुजल्या.

"म्हणतेय, मान खाली घाल, पोरी."

बुटांचा आवाज जवळ आला. दारात कोणीतरी उभं राहिलं. चेहरा दिसेना. आमचा ड्रायव्हरच असणार, हे मला ठाऊक होतं.

तरी मी मान खाली घातली.