तारा कधी बदलायच्या

तारांचं पार्सल नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं चिखलीला आलं आणि प्रेमानंदची पंचाईत झाली.

बेस गिटारच्या नव्या तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी चढवायच्या, हा त्याचा जुना नेम. नवी तार सुरात लावली तरी उतरत राहते. तिला ताणायचं, वाजवायचं, पुन्हा सुरात आणायचं, तेव्हा कुठे ती ठरते. हे त्यानं भीमगीतांच्या पार्टीतल्या सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की कीबोर्ड वाजवणारी डिंपल त्याची हुबेहूब नक्कल करायची.

आणि आता तारा हातात पडल्या, तर धामणगाव बढे इथला जयंतीचा कार्यक्रम संध्याकाळवर आलेला.

जुन्या तारा पार मेल्या होत्या. मळ निघावा म्हणून दोनदा पातेल्यात उकळून काढल्या, तरी घरी वाजवताना ओल्या भिंतीवर थापट्या माराव्यात तसा आवाज यायचा. गंमत अशी की स्टेजवर त्याच तारा भरदार वाजायच्या. ही तौसिफच्या मिक्सरची करामत, असं प्रेमानंद म्हणायचा. साउंड सांभाळणारा तौसिफ नुसता हसायचा आणि चहा मागवायचा.

पण प्रेमानंदला कुणाची करामत नको होती. गेल्या वर्षी लकव्यानं त्याचा डावा हात धरला. मालिश झाली, गोळ्या झाल्या, बोटं हळूहळू वळायला लागली. गुलाबरावांनी, म्हणजे पार्टीच्या मालकांनी आणि मुख्य गायकांनी, तोवर त्याची जागा राखून ठेवली. खरं तर आजकाल बाकीच्या पार्ट्या बेसवाला ठेवतच नाहीत, कीबोर्डवाल्याचा डावा हात तेवढं काम उरकतो. म्हणून तर प्रेमानंदच्या जिवाला घोर लागला होता. आपल्याला ठेवलंय ते वाजवण्यासाठी की कीव येऊन? कीव असेल, तर गिटार उद्याच विकून टाकायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

निघाल्यावर जीपमध्येच त्यानं तारांचं पाकीट फोडलं.

"काऊन डोक्याले ताप करून राह्यला बे?" पुढच्या सीटवरून गुलाबराव म्हणाले. "आहे त्याच राहू दे. मागच्या खेपेले काय वाईट वाजलं?"

"चांगलं वाजलं का, गुलाबभाऊ? खरं सांगा."

"हाव ना. लोकं नाचले."

"लोकं तुमच्या गाण्यावर नाचले. मी बेसचं इचारून राह्यलो."

"बेस तर एक नंबर होता," गुलाबराव म्हणाले आणि खिडकीबाहेरची नांगरलेली वावरं बघायला लागले.

मागून डिंपल म्हणाली, "काका, नेम तुमचाच हाय ना? दोन दिवस आधी. मंग आज कायले बदलता?"

एरवी ही पोरगी नेमाची टिंगल करायची, आज तोच पुढे करत होती. प्रेमानंदला हसू आलं. पण मन काही ठरेना.

पोचल्यावर त्यानं तौसिफला गाठलं. पूर्वी प्रेमानंदचा स्वतःचा जडशीळ स्पीकर असायचा. दुखण्यानंतर तौसिफनं तो बंदच करून टाकला. "वजन उचलू नका, उस्ताद, मी तुमची वायर थेट मिक्सरले जोडतो," म्हणाला होता. माणूस जीव लावणारा.

"तौसिफ, तूच सांग. बदलू का राहू देऊ?"

"बदला, नाही तं राहू द्या. काही फरक नाही पडत, उस्ताद."

प्रेमानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कशाचा साउंडवाला बे तू? मेली तार अन् नवी तार, तुले फरक नाही पडत?"

"पडते ना. चुकलं माह्यं. बदला तुम्ही," एवढं बोलून तौसिफ खाली बसला आणि वायरींचा गुंता सोडवायला लागला.

त्या रागातच प्रेमानंदचं ठरलं. आज गुलाबरावांना खरा बेस ऐकवायचाच. स्टेजमागे खुर्ची ओढून त्यानं जुन्या तारा उतरवल्या, नव्या चढवल्या. घाईत सगळ्यात जाड तार पक्कडीनं जरा आखूडच कापली गेली, खुंटीवर तिचे पुरते वेढे बसेनात. दुसरा संच नव्हता. त्यानं ती तशीच ताणली, सुरात लावली आणि अंगठ्यानं छेडली. पितळी घंगाळावर टिचकी मारावी तशी ती खणखणली. त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

मांडव गच्च भरला. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया पुढे, त्यांच्यामागे अख्खं गाव. पहिल्याच गाण्याला बेस असा घुमला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. प्रेमानंदची बोटं फिरत होती, तौसिफनं त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून एकेक सूर गोल, भरीव येत होता. दुसऱ्या गाण्यात गुलाबरावांनी मागे वळून मान डोलावली. प्रेमानंदचे डोळे भरून आले. ही कीव नव्हती. कीव अशी वाजत नाही. घरी गेल्यावर बायकोला हेच सांगायचं, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

तिसरं गाणं ऐन रंगात असताना जाड तार खुंटीवरून सटकली.

ती सुटून त्याच्या मनगटावर आपटली. बाकीच्या तारांवर निभवायला हवं होतं, पण बोटांना काही सुचेचना. गुलाबरावांचा आवाज नुकता वर चढला होता. त्याखालचा बेस आता तुटणार, गाणं कोसळणार, अख्ख्या गावासमोर आपल्यापायी पार्टीची नाचक्की होणार. त्यानं दोन्ही हात गिटारवरून उचलले.

पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून बेस येतच राहिला. तसाच गोल, भरीव, एकही ठोका न चुकता.

प्रेमानंदनं मान वळवली. डिंपलचा डावा हात कीबोर्डच्या डावीकडच्या पट्ट्यांवर चालला होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.