पहिल्या रांगेत

“पाय चिकटला की त्याच्याशी भांडू नका, बाई. गाणं ऐका आणि टाच टाका,” नृत्यशिक्षिका म्हणाली.

आईनं टाच टाकली. रुतलेला पाय सुटला आणि ती वर्तुळात पुढे सरकली. भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या मुलीनं रोखलेला श्वास सोडला.

आईला सगळे अजून बाईच म्हणत. ती मुख्याध्यापिका होती. व्हरांड्यात तिच्या चपला वाजल्या की वर्ग चिडीचूप व्हायचे. पार्किन्सन्स झाला आणि त्याच चपला दारादारात अडकू लागल्या. चेहरा थिजला. चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोहोचेना. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला हा नाचाचा वर्ग सुचवला, तेव्हा आईनं तोंड फिरवलं होतं. मुलगीच हात धुऊन मागे लागली. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची; वर्गाच्या दिवशी दुपारी सुटता यावं म्हणून सुट्टीच्या दिवशी कामावर जायची.

“तुम्हीही या ना आत,” शिक्षिका तिला दर वेळी म्हणायची.

“मला नाही जमत.”

घरी मात्र सराव तीच करून घ्यायची. “खांदे सैल सोड. आधी टाच, मग बोटं. वळताना नजर आधी वळव.” आई कुरकुरायची, पण वळायची. हळूहळू ती स्वयंपाकघरापर्यंत एकटी जाऊ लागली. चार-आठ दिवस खाडा पडला तर पाय पुन्हा धरायचे, म्हणून मुलगी खाडा पडू देत नसे. शेजारीण म्हणाली, “अशी लेक मिळायला नशीब लागतं, बाई.”

वर्गाचा कार्यक्रम ठरला. आईला पहिल्या रांगेत घेतलं. तिनं नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं, आणि फोन धरलेला हात थरथरला तरी या वेळी लपवला नाही.

रंगीत तालीम झाल्यावर शिक्षिका खुशीत होती. “बाई, एवढी हौस आहे तुम्हाला, मग मुलीला नाही का शिकवलंत?”

मुलगी खाली बसून आईच्या चपलांचे पट्टे लावत होती.

“हिला?” आई हसली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा हलला. “हिला कधी आवडच नव्हती हो. असती तर मी आनंदानं शिकवलं असतं.”

मुलीनं दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला. “घट्ट होतोय का?” तिनं विचारलं.

“नाही. बरोबर आहे.”

घरी आल्यावर तिनं आईला वेळेवर गोळी दिली, जेवण भरवलं, ओठ पुसले. आई उद्याचंच बोलत होती. कोण येणार, कोण कुठे बसणार.

“माझ्या कपड्यांना इस्त्री केलीस ना?”

“नाही. उद्या जायचं नाही. पुढेही नाही.”

“म्हणजे? पण पाय पुन्हा...”

“चारचौघांसमोर अंग हलवत नाचायचं. असले थेर आपल्या घरात चालणार नाहीत.”

तिचा आवाज चढला नव्हता. हे वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. शाळेच्या संमेलनाच्या आदल्या दिवशी, याच खोलीत, ते तिला ऐकवलं गेलं होतं. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. ऐकवणारी आता समोर, गाउनची वरची बटणं तिच्याकडून लावून घेत बसली होती.

मुलीनं बटण लावलं आणि थांबली. आईला ते वाक्य आठवतंय का, एवढंच तिला आईच्या चेहऱ्यावर पाहायचं होतं.

आईचे डोळे भरून आले.

“असलं बोलायला,” तिनं अगदी मनापासून विचारलं, “तुला शिकवलं तरी कुणी?”